जंपर मारलेला सेफ्टी रिले आणि आपल्या पोरांची बोटे

कारखान्यात एखाद्या पोराची बोटे गेली की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. लक्ष नव्हते. मोबाईल बघत असेल. नशीब वाईट. घरचेही हेच बोलतात, ठेकेदारही हेच बोलतो. मात्र एक प्रश्न कुणीच विचारत नाही : त्या प्रेसचा सेफ्टी रिले चालू होता का? माझे म्हणणे असे की हा प्रश्न विचारायला शिकणे, हे आज आंबेडकरी चळवळीचे काम आहे.

वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पण नाव बदलून रोजगार येत नाही. डोंगर, भातखाचरे आणि धरणे हीच इथली संपत्ती. पानशेत, वरसगाव, गुंजवणीचे पाणी खाली जाते, आणि दहावी, बारावी, आयटीआय झालेली पोरेही खालीच जातात. कुणी खेड शिवापूरला, कुणी शिरवळला, कुणी भोसरी-चाकणला. भोरचीही हीच गत. आपल्या वस्तीतली पोरे ठेकेदारामार्फत ‘हेल्पर’ म्हणून लागतात आणि चार दिवसांत प्रेसवर उभी केली जातात. मशीन कसे चालवायचे ते दाखवतात. ते कसे थांबते, हे कुणी सांगत नाही.

म्हणून थोडे तांत्रिक समजून घेऊ. प्रेसवर दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे असतात, समोर प्रकाशाचा पडदा म्हणजे लाइट कर्टन असतो, गार्डच्या दाराला स्विच असतो, आणि लाल इमर्जन्सी बटण असते. हे सगळे धोका ‘बघतात’. मशीन थांबवण्याचा हुकूम मात्र पॅनेलमधली एक छोटी डबी देते. ती म्हणजे सेफ्टी रिले. साध्या रिलेचा कॉन्टॅक्ट वितळून चिकटला तर बटण दाबूनही मशीन चालूच राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सेफ्टी रिलेत सिग्नल दोन वेगळ्या चॅनेलमधून येतो. आतले कॉन्टॅक्ट एकमेकांशी यांत्रिकरीत्या बांधलेले असतात, त्यामुळे एक चिकटला तर बिघाड लपत नाही आणि मशीन पुन्हा सुरू होत नाही. जर्मनीच्या पिल्झ कंपनीने १९८७ साली असा रिले बाजारात आणला. त्यामागचा विचार साधा आहे : आपणही बिघडू शकतो, हे हा रिले गृहीत धरतो, आणि शंका आली की मशीन बंद ठेवतो.

नेमका हाच गुण उत्पादनाच्या आड येतो. शिफ्टच्या मध्यावर मशीन थांबते, रिसेट दाबूनही सुरू होत नाही, टार्गेट डोक्यावर असते. मग कुणीतरी पॅनेल उघडून तारेचा एक तुकडा लावतो. त्याला जंपर म्हणतात. प्रेस सुरू होते, लाल बटण जागेवर दिसते, लाइट कर्टनचा दिवाही लागलेला असतो. पण थांबवणारा हुकूमच तोडलेला असतो. समोर उभ्या असलेल्या पोराला हे कसे कळणार?

खरे तर हा बिघाड शोधायला फार वेळ लागत नाही. प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनने आधी रिलेला चोवीस व्होल्टचा पुरवठा येतो का ते बघायचे. मग दोन्ही चॅनेलचे दिवे. एकच लागत असेल तर दुसऱ्या चॅनेलचा स्विच किंवा वायर तुटली आहे. दोन्ही चॅनेल ठीक असूनही रिले चालू होत नसेल, तर फीडबॅक सर्किट तपासायचे. तिथे बहुधा मोटरचा कॉन्टॅक्टर चिकटलेला सापडतो, म्हणजे रिलेने आपले काम चोख केलेले असते. रिसेटचे बटण अडकले आहे का तेही बघायचे. बिघडलेली डबी उघडून दुरुस्त करायची नसते, त्याच प्रकारची नवी बसवायची असते. आणि वायरिंगला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे असते.

नियमित तपासणीही तितकीच महत्त्वाची. अनेक दारांचे स्विच एकामागे एक जोडले असतील तर एका स्विचचा बिघाड दुसरे दार उघडून मिटल्यावर झाकला जाऊ शकतो. क्वचित उघडणाऱ्या दारांच्या बाबतीत आयएसओ १४११९ हे मानक सर्वांत वरच्या सुरक्षा पातळीसाठी महिन्यातून एकदा आणि त्याखालच्या पातळीसाठी वर्षातून एकदा चाचणी मागते. अशी चाचणी केल्याची नोंदवही किती ठिकाणी दिसते?

‘आपल्याकडचे कामगारच बेफिकीर’ असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिस्तीसाठी नावाजलेल्या जर्मनीत २००६ साली धातुउद्योगाची पाहणी झाली, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सुरक्षा साधनांशी कायमची किंवा तात्पुरती छेडछाड झालेली आढळली. म्हणजे हा दोष कुणाच्या जातीचा, गावाचा किंवा अडाणीपणाचा नाही. जिथे थांबलेल्या मशीनचा हिशेब मागितला जातो आणि कापलेल्या बोटांचा मागितला जात नाही, तिथे जंपर लागतोच.

आता जातीचा मुद्दा. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आज धोटा नाही, विटाळाची भाषाही नाही. पण प्रेससमोर कोण उभे असते आणि पॅनेलची चावी कुणाच्या खिशात असते, हे आपापल्या कारखान्यात एकदा मोजून बघा. ज्ञान एकीकडे आणि धोका दुसरीकडे, ही वाटणी आपल्याला नवी नाही.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे आणि यंत्र चालू असताना ते जागेवर ठेवणे ही मालकाची जबाबदारी होती. कलम १११-अ ने कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क दिला होता. त्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतली कामगारांची अट १० वरून २० वर गेली. छोटी प्रेस शॉप नेमकी याच फटीत बसतात. तरीही कलम १४ खाली सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका दिसल्यास मालकाला व निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. मात्र सुरक्षा साधनांशी छेडछाड केल्याचा ठपकाही याच कायद्याखाली कामगारावर येऊ शकतो. जंपर सुपरवायझरने लावायला सांगितला, पण हात तुमचा होता, तर तुम्ही काय दाखवणार? म्हणून तोंडी हुकमावर जंपर लावायचा नाही. लेखी मागायचे. लेखी मिळत नाही, यातच उत्तर असते.

चौदा एप्रिलला आपण डीजेवर किती खर्च करतो, हा वाद दरवर्षी होतो. मी तो पुन्हा घालत नाही. माझी सूचना एवढीच : वेल्हे आणि भोरच्या प्रत्येक मंडळाने जयंतीच्या आठवड्यात एक दिवस विहारात कामगार सुरक्षा वर्ग घ्यावा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन झालेला आपलाच एखादा मुलगा किंवा मुलगी एक जुना सेफ्टी रिले, एक लाल बटण आणि दोन दिवे फळीवर जोडून दाखवेल. पोरांनी तिथेच एका चॅनेलची वायर काढावी आणि काय होते ते स्वतः बघावे. मग प्रत्येकाने शिफ्टच्या सुरुवातीला विचारायच्या तीन गोष्टी पाठ कराव्यात : आज इमर्जन्सी बटण दाबून बघितले का, पॅनेलमध्ये जंपर आहे का, शेवटची चाचणी कधी झाली. एकटा हेल्पर विचारेल तर त्याला उद्या येऊ नको म्हणतील. म्हणून एका शेडमधल्या सगळ्यांनी मिळून विचारायचे. संघटित व्हा याचा अर्थ त्या शेडमध्ये हाच आहे.

जय भीम!