धूर गेला, आवाजही गेला

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरील पहिली ‘शिवाई’ निघाली. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विद्युत मोटारींना काही महामार्गांवर पथकरमाफीही दिली आहे. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले. दमेकऱ्यांना व हृदयरुग्णांना तर तो लगेच बाधतो. श्रीगोंद्यातील माझ्या ज्येष्ठ रुग्णांसाठी हा बदल मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो. (टायर-ब्रेकची धूळ उरतेच, हे खरे.)

चिंता वेगळीच आहे. ऐकू कमी येणारी व्यक्ती रस्ता ओलांडताना नकळत इंजिनाच्या घरघरीवर विसंबते. सावकाश येणाऱ्या विद्युत वाहनाला ती घरघरच नसते. त्यात मोतीबिंदू असेल, तर धोका दुणावतो. म्हणून कानावर न विसंबता, थांबून, दोन्ही बाजूंना पाहूनच पाऊल टाकावे; श्रवणयंत्र कपाटात नव्हे, कानात असावे. सोबत असणाऱ्याने रहदारीच्या बाजूने चालावे. आणि घरी विजेवरची दुचाकी आली असेल, तर ती अंगणातून काढण्यापूर्वी आजोबा कोठे आहेत, हे आधी पाहावे.