छप्पर नाही म्हणून भाव नाही



माल साठवा, भाव आला की विका, हा उपदेश आपण दरवर्षी ऐकतो. साठवायचा कुठे, हे उपदेशक सांगत नाहीत. परतीचा पाऊस आला की खळ्यावरची हायब्रीड ज्वारी काळी पडते. कापूस घरात कोंबला की पोराबाळांच्या अंगाला खाज सुटते, आणि चूल तर शेजारीच. मग व्यापारी म्हणेल तो भाव. शेतमाल तारण कर्ज १९९०-९१ पासून आहे, पण त्यासाठी माल बाजार समितीच्या गोदामात न्यावा लागतो. स्वतःचे गोदाम म्हटले की सिमेंट-सळईचे अंदाजपत्रक आणि डोक्यावर नवे कर्ज.

आणि दुसरीकडे काय चालले आहे? गावात वाडा पडला की शहरातला लाकूडवाला टेम्पो घेऊन हजर. सागाचे खांब, तुळया, चौकटी जळणाच्या भावात उचलतो. कापूस विकून कापड घेणारे आपण, आता साग विकून सिमेंट घेऊ लागलो!

दहा बाय बाराची खोली या पडझडीतून उभी राहते. दगड फक्त जोत्याला, तेही मुरूम लागेपर्यंत उकरून. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे बांधकाम तडकणारच. मुरूम फार खोल असेल तर बरड जागा शोधा. खांबात सळई टोचून पाहा. भुसा निघाला तर ते लाकूड चुलीत. भिंती तुराट्यांच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. पऱ्हाट्या नकोत, त्यांवरच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरते, आणि आपण तिलाच घर बांधून देऊ. कोणी म्हणेल, दगडमातीची जाड भिंत मजबूत. तशा भिंतीवर माळवदाचा बोजा असला की काय होते, ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने दाखवले. वर जुने पत्रे चालतील. भोके डांबराने बुजवा, नवे खिळे पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, आणि पत्रा खांबांना तारेने आवळा, नाहीतर वावटळीत शेजाऱ्याच्या शेतात शोधावा लागेल. ज्वारी दाताखाली कट्ट वाजेल इतकी वाळवून कणगीत. कापूस कोरडाच भरा. आत चूल, चिमणी, विडी काही नको. रोख पैसा लागेल तो सुतार, गवंडी, खिळे आणि कुलपाला.

ही खोली अनुदानाच्या नकाशात बसणार नाही. न बसू दे. आपल्याला दोन-तीन महिने माल कोरडा ठेवायचा आहे, साहेबांना दाखवायची नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने यादी आणावी : पडकी घरे किती, खांब-तुळया किती, पत्रे किती. लाकूडवाल्याकडून ज्यांनी इसार घेतला आहे, त्यांचीही नोंद करावी.