पथ्याच्या कागदावर डुकराचं मटण का नसतं?

मधुमेह, ब्लड प्रेशर किंवा कोलेस्टेरॉलच्या रुग्णाला दवाखान्यातून आहाराचा एक छापील कागद मिळतो. तो एकदा नीट वाचून बघा. त्यात पालेभाज्या असतात, मोड आलेले मूग असतात, 'मासे, चिकन चालेल' असतं, 'मटण टाळा' असतं. डुकराच्या मटणाचं नाव मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. ना 'चालेल'मध्ये, ना 'टाळा'मध्ये. जणू सोलापुरात ते कोणी खातच नाही!

वस्तुस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे वडार, कैकाडी अशा समाजांत, कित्येक दलित कुटुंबांत आणि ख्रिस्ती घरांत हे मटण पिढ्यानपिढ्या शिजत आलं आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात जाऊन आलेली मुलंमुली आता 'पोर्क' म्हणून तेच आवडीनं खातात. पण डॉक्टरांनी "जेवणात काय काय असतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "कधीमधी नॉनव्हेज." आणखी खोदून विचारलं तर "चिकन, मटण." पुढचा शब्द ओठांवरच थांबतो. समोरचा माणूस नाक मुरडेल, ही भीती असते. आणि ती उगाच नसते.

माझं मत स्पष्ट आहे. डुकराचं मटण म्हणजे घाण, असं समजून त्यावर गप्प बसणं हे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आहे आणि रुग्णाच्या तब्येतीला महागात पडणारं आहे. जे आपण विचारत नाही, ते सुधारताही येत नाही. रुग्ण घरी कातडी-चरबीसकट तेलकट रस्सा खात राहतो आणि आम्ही मात्र गोळ्यांचा डोस वाढवत बसतो.

आधी गैरसमज दूर करू

"डुकराचं मटण खाल्लं की मेंदूत किडे होतात," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात अर्धं सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेणं शाकाहारी माणसालाही तितकंच गरजेचं आहे.

टिनिया सोलियम नावाचा एक पट्टकृमी असतो. त्याच्या पिल्लांच्या गाठी डुकराच्या मांसात असू शकतात. असं मांस कच्चं राहिलं आणि पोटात गेलं, तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. म्हणजे मांसातून होतो तो आतड्यातला जंत. मेंदूतल्या गाठी तिथून थेट येत नाहीत.

मेंदूतल्या गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. ही अंडी असतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या शौचात. तिथून ती हातांवर, मातीत, पाण्यात आणि सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवर जातात. न धुतलेली कोथिंबीर, गाजर, मुळा, कोबी किंवा शौचानंतर साबणानं न धुतलेले हात, यांतून ती आपल्या तोंडात येतात. मग त्यांच्यातून निघालेली पिल्लं रक्तावाटे मेंदूत पोचतात, तिथे गाठी होतात आणि आकडी येते. याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, हा कृमी जिथे मुरलेला आहे अशा भागांत अपस्माराचे सुमारे ३० टक्के रुग्ण याच कारणाचे असतात.

म्हणूनच आयुष्यात मांसाला हातही न लावलेल्या माणसाला हा आजार होतो. अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत असे रुग्ण सापडले आणि १९९२ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही मंडळी धर्मानुसार डुकराचं मांस खात नाहीत. संशयाची सुई गेली ती घरकामाला असलेल्या, दुसऱ्या देशांतून आलेल्या व्यक्तींच्या पोटातल्या पट्टकृमीकडे.

आता विचार करा. एखाद्या वडार वस्तीतल्या पोराला आकडी आली की लोक म्हणतात, "हे लोक डुकरं खातात ना!" आणि पेठेतल्या शाकाहारी घरातल्या मुलाला आकडी आली तर? तिथे कुणी कोथिंबिरीला दोष देत नाही. आजार एकच, पण एका घराला त्यावरून हिणवलं जातं. उघड्यावरचं शौच, मोकाट डुकरं आणि सांडपाण्यावरची भाजी, ही या आजाराची खरी साखळी आहे. ती तोडायची जबाबदारी सगळ्या शहराची आहे, एका समाजाच्या चुलीची नाही.

दुसरा गैरसमज स्वाईन फ्लूचा. २००९ मध्ये पुण्यात साथ आली तेव्हा अनेकांनी धास्तीनं पोर्क सोडलं. तो आजार खोकल्या-शिंकेतून पसरतो. नीट शिजवलेलं मांस खाऊन तो होत नाही.

मग हे मटण आरोग्याला चांगलं की वाईट?

कुठला भाग आणि कसा शिजवला, यावर ते ठरतं. पाठीकडची चाप घ्या. कडेची चरबी कापून टाकली तर १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २१ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ५ ते ८ ग्रॅम चरबी असते. शिवाय ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन भरपूर असतं. आता त्याच जनावराच्या पोटाकडचा चरबीचा भाग घ्या. १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमहून जास्त चरबी आणि ५०० च्या वर कॅलरी! दोन्हींना आपण 'डुकराचं मटण' असं एकच नाव देतो. खरं तर शरीराच्या दृष्टीनं ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

त्यावर आपली सोलापुरी तर्री. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग आल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. म्हणजे मटणात चरबी, रश्श्यात तेल, सोबत भात आणि भाजी मात्र ताटात नावापुरती कांद्याची फोड.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पोर्क हे 'लाल मांस' आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' आणि प्रक्रिया केलेलं मांस 'कर्करोगकारक' गटात टाकलं. प्रक्रिया केलेलं म्हणजे बेकन, हॅम, सॉसेज, सलामी. गोव्याहून हौसेनं आणलेलं चोरिसही त्यातच आलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी म्हटलं. त्यामुळे ताजं लाल मांस आठवड्यातून एक-दोनदा, शिजवलेलं वजन एकूण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावं. प्रक्रिया केलेलं जितकं टाळाल तितकं चांगलं.

माझा सल्ला: चाप आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये

ओव्हनमध्ये भाजलेली चाप मला तिच्या साहेबी नावामुळे आवडत नाही. ती आवडते कारण तिच्यात तीन गोष्टी आपोआप होतात. तेल मोजून घालता येतं. मांसाची सुटलेली चरबी ट्रेमध्ये राहते, रश्श्यातून पोटात जात नाही. आणि मांसाच्या दुप्पट-तिप्पट भाजी त्याच वेळी तयार होते.

चौघांसाठी साहित्य:

- पाठीकडच्या चार चापा, साधारण बोटभर जाड. कडेची चरबी कापून टाका.
- आलं-लसूण वाटण एक मोठा चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, हळद, एक छोटा चमचा काळा मसाला.
- मीठ सगळं मिळून अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम.
- तेल चार छोटे चमचे. दोन चापांना, दोन भाज्यांना.
- भाज्या सुमारे पाऊण किलो: गाजर, फ्लॉवर, ढोबळी मिरची, वांगी, कांदा, लाल भोपळा. मंडईत ज्या दिवशी जे स्वस्त असेल ते.

चापांना वाटण चोळून फ्रिजमध्ये तासभर ठेवा. ओट्यावर ठेवू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात कच्चं मांस तासभरही बाहेर राहता कामा नये. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्या. भाज्या पसरून १५ मिनिटं भाजा, मग त्यावर चापा ठेवून २० ते २५ मिनिटं. मध्ये एकदा उलटा. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं तशाच राहू द्या.

शिजलं की नाही ते रंगावरून ठरवू नका, कारण मसाल्यानं रंग झाकला जातो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसा. अमेरिकेत अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं थांबणं पुरेसं मानतात. आपल्याकडे मटण कुठून आलं याची नेहमी खात्री नसते, म्हणून मी ७१ अंश सांगतो. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ कापून बघा. आत गुलाबीपणा किंवा लालसर पाणी दिसलं तर पुन्हा आत ठेवा.

"डॉक्टर, ओव्हन कुणाच्या घरी असतो?"

प्रश्न रास्त आहे. ज्या घरांत हे मटण सर्वांत जास्त शिजतं, त्या बऱ्याच घरांत ओव्हन नाही. म्हणून ओव्हन ही अट नाही. जाड बुडाच्या कढईत खाली भाज्या, वर चापा, घट्ट झाकण आणि मंद आच. तीस ते पस्तीस मिनिटांत तेच काम होतं. प्रेशर कुकर तर सुरक्षिततेच्या दृष्टीनं उत्तमच, कारण त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. आधी कुकरमध्ये शिजवून मग तव्यावर परतलं तरी चालेल. तत्त्व तेवढंच: चरबी कमी, तेल मोजून, आतपर्यंत शिजवून आणि भाजी जास्त.

ताटात अर्धी जागा भाजीला, पाव जागा मटणाला, पाव जागा भाकरीला. आपल्या ज्वारीची एक भाकरी सोबत घेतली तर मधुमेही माणसालाही हे जेवण बसतं. शेंगाचटणी घ्या, पण चिमूटभर, कारण त्यात मीठ असतं. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत राहायला हवं.

खरेदी करताना आणि घरी आणल्यावर

- मोकाट फिरणाऱ्या नव्हे, बंदिस्त पाळलेल्या डुकराचं मटण घ्या. कुठून आलं ते दुकानदाराला विचारा.
- मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट फोड दिसले तर घेऊ नका.
- कच्च्या मांसाची सुरी आणि पाट भाजीला वापरू नका. आधी भाजी चिरा, मग मांस.
- कोशिंबिरीच्या भाज्या आणि कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. गाजर-मुळा सोलून घ्या.
- शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा. शौचातून पांढरे चपटे तुकडे पडत असतील तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. मात्र जंताचं औषध आपल्या मनानं घेऊ नका, विशेषतः आकडी येत असेल तर.

गाउटचा त्रास किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मांसाचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

शेवटी

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. पाककृतींच्या पुस्तकांनी ज्यांच्या चुलीकडे कधी पाहिलंच नाही, त्यांचं जेवण त्यांनी लिहून ठेवलं. आमच्या पथ्याच्या कागदांनाही तेच लागू पडतं. अर्ध्या गावाचं जेवण वगळून लिहिलेलं पथ्य पूर्ण कसं असेल?

जे खात नाहीत त्यांनी खायला सुरुवात करावी, असं मी म्हणत नाही. डाळी, कडधान्यं, अंडी यांतून प्रथिनं मिळतात. माझं म्हणणं जे खातात त्यांच्यासाठी आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा स्वच्छ सांगा: "डॉक्टर, आमच्या घरी महिन्यातून इतक्या वेळा डुकराचं मटण होतं, आणि ते असं करतो." आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, हे ऐकताना चेहरा बदलू देऊ नका. पेन उचला आणि कागदावर एक ओळ वाढवा: 'पोर्क: चरबी काढलेली चाप, आतपर्यंत शिजवलेली, भरपूर भाज्यांसोबत, आठवड्यातून एकदा.'