लसीकरणाचा पाच वर्षांचा हिशेब

भारतात दरवर्षी अडीच कोटींच्या आसपास बालके जन्मास येतात. ह्यांतील प्रत्येकास ठरावीक वयात ठरावीक लसी मिळाव्या लागतात, आणि एका वर्षीचे काम कितीही उत्तम झाले तरी पुढील वर्षी ते पुन्हा आरंभापासून करावे लागते. असे असूनही पैशाची मंजुरी मात्र एका आर्थिक वर्षापुरतीच असते. ही विसंगती दूर करावयाची तर लसीकरणाचा विचार निदान पाच वर्षांच्या टप्प्याने झाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

लस कारखान्यातून निघाल्यापासून बालकास टोचली जाईपर्यंत बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठी लागणारे शीतकपाट एका वर्षाच्या अंदाजपत्रकातून विकत घेता येते. परंतु काही वर्षांनी ते निकामी होईल, तेव्हा त्याच्या जागी दुसरे लागेल, ही नोंद त्या अंदाजपत्रकात कोठेच बसत नाही. परिचारिका तयार होण्यास तर दोन वर्षे लागतात. लसीचे उत्पादन व चाचणी ह्यांतही कित्येक महिने जातात.

दूरदृष्टी नसली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण घरचेच आहे. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर व गिंडी येथील तीन जुन्या सरकारी संस्थांचे लस-उत्पादनाचे परवाने, उत्पादनपद्धतीचे निकष पाळले जात नसल्याच्या कारणावरून निलंबित झाले. पुढे २०१० मध्ये निलंबन उठले. पण मधल्या काळात लसींच्या पुरवठ्याची ओढाताण झाली. निकष पाळले पाहिजेत ह्याविषयी वाद नाही. परंतु इमारती व यंत्रे एका रात्रीत जुनी होत नाहीत. त्यांच्या नूतनीकरणाची तरतूद वेळीच झाली असती, तर परवाने काढून घेण्याचा प्रसंग बहुधा आलाच नसता.

मोहीम आणि नित्याचे काम ह्यांतील भेदही येथे ध्यानात घ्यावा. पोलिओविरुद्धची मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू झाली, आणि रानटी विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. हे यश असामान्यच होय. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी सर्व मूलभूत लसी मिळालेल्यांचे प्रमाण १९९८-९९ मध्ये ४२ टक्के होते, ते २००५-०६ मध्ये जेमतेम ४३.५ टक्के झाले. पुढे २०१५-१६ मध्ये ते ६२, व २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. मधली ती स्थिर वर्षे केवळ मोहिमेमुळे आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मोहिमेच्या उत्साहाने नित्याचे काम आपोआप सुधारत नाही, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

अशा योजना कपाटात पडून राहतात, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. भारत सरकारने २०१३ ते २०१७ ह्या काळासाठी बहुवार्षिक आराखडा केला होता. पण आराखड्याचे मोल त्यातील उद्दिष्टांपेक्षा खर्चाच्या तक्त्यावर अवलंबून असते. पाच रोगांविरुद्धची संयुक्त लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तामिळनाडू येथे आंतरराष्ट्रीय साहाय्याने सुरू झाली. असे साहाय्य कधी तरी संपते, बालके मात्र जन्मास येतच राहतात. म्हणून नवी लस स्वीकारतानाच तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी तिचा खर्च कोण सोसणार, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. दहा-वीस वर्षांचा अंदाज बांधू नये. किमती व जन्मसंख्या इतक्या पुढे पाहू देत नाहीत. पाच वर्षांचा तक्ता मात्र दरवर्षी दुरुस्त करीत, एकेक वर्ष पुढे सरकवीत नेता येतो.

शीतकपाटांतील तापमान व लसींचा साठा २०१५ पासून दूरध्वनीद्वारे नोंदविला जाऊ लागला आहे. त्या नोंदींवरून कोणत्या तालुक्यात किती कपाटे बदलावी लागतील, हे काढणे आता कठीण नाही. प्रत्येक जिल्ह्याने उपकेंद्रांपासून आरंभ करून असा तक्ता दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी सादर करावा, आणि तो सार्वजनिक वाचनालयांतही पाहावयास मिळावा.