आधी कापूस, मग टेम्पो, आता माणूस

डोणगावच्या रस्त्याने सोयाबीनची पोती वाहणाऱ्या गाडीला आपण टेम्पो म्हणतो. हा शब्द कुठून आला, याचा विचार आपण कधी केला आहे काय? टेम्पो हे हॅम्बुर्गकडच्या एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव. त्या कारखान्याच्या सहकार्याने 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि जर्मन नाव मराठी माणसाच्या तोंडी कायमचे बसले.

जर्मनीशी आपला व्यवहार त्याहून जुना. 1870 साली खामगावला रेल्वे आली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेण्यासाठी. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनी हे हिंदुस्थानी कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते. पण कापूस वेचणाऱ्या आयाबायांना तो कुठे जातो, काय भावाने विकला जातो, हे कोणी सांगितले नाही. 1914 साली युद्ध पेटले आणि तो व्यापार तुटला.

स्वातंत्र्यानंतर 1951 साली भारत आणि पश्चिम जर्मनी यांचे राजनैतिक संबंध जुळले. पुढे जर्मन यंत्रे आली, नाशिक-पुण्याला कारखाने निघाले. आता मात्र मागणी माणसांची आहे. जर्मनीत म्हातारी माणसे वाढली, काम करणारे हात कमी पडले. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही देशांनी कामगारांच्या ये-जा करण्याबाबत करार केला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक अशी माणसे पाठवण्याचे त्यात ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा 20,000 वरून 90,000 केली.

आयटीआय किंवा नर्सिंग झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी ही संधी आहे, यात शंका नाही. पण करार सरकारांचा असला तरी पैसा घरचा जातो. म्हणून शेताचा तुकडा किंवा आईचे डोरले गहाण टाकण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भाषा. परिचारिकेला तिथे पूर्ण नोंदणीसाठी सहसा बी-2 पातळीपर्यंतची जर्मन लागते. दोन महिन्यांत शिकवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाबासाहेबांनी 1921 साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, तेव्हा त्यांना जर्मन अगोदरच येत होती.

दुसरी, प्रमाणपत्र. आपला दाखला जर्मनीत मान्य होतो की नाही, हे जाण्यापूर्वी लेखी कळले पाहिजे.

तिसरी, दलाल. 1983 च्या कायद्याप्रमाणे त्याच्याकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते. 30,000 रुपये आणि त्यावरील कर, याहून अधिक सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. पावती मागा.

चौथी, पगार. 2025 साली जर्मनीत किमान वेतन ताशी 12.82 युरो होते. आकडा मोठा दिसतो. पण कर, विमा आणि घरभाडे त्यातूनच जाते. हाती किती उरेल, तो हिशेब करारपत्र समोर ठेवून करा.

कापूस वेचणाऱ्या आजीला भाव विचारण्याची सोय नव्हती. नातीला ती आहे. तिने विचारावे, आणि घरच्यांनी तिला गप्प बसवू नये, एवढेच आमचे सांगणे.