फिल्टरमधली झडप : हवी की नको?

मेकॅनिकलच्या मुलांना घरी गेल्यावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "प्लेसमेंटचं काय?" आणि दुसरा, "आमच्या गाडीला कुठला ऑइल फिल्टर टाकू रे?" पहिल्याचं उत्तर आपल्या हातात नसतं. दुसऱ्याचं तरी असायला हवं. पण फिल्टरमध्ये अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह लागतोच का, हा विषय निघाला की हॉस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, तो नसेल तर इंजिनाची वाट लागलीच म्हणून समजा. दुसरी म्हणते, ही सगळी कंपन्यांची मार्केटिंगची भानगड आहे. माझ्या मते दोन्ही पार्ट्या फिल्टर न बघताच भांडतात.

आधी वस्तू समजून घेऊ. आट्यांवर फिरवून बसवायचा जो डबा असतो, म्हणजे स्पिन-ऑन फिल्टर, त्याच्या तोंडाशी छोट्या भोकांचं एक कडं असतं आणि मधोमध एक मोठं भोक. पंपाकडून येणारं तेल छोट्या भोकांतून आत शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे जातं. छोट्या भोकांच्या आतल्या बाजूला रबराची लवचीक चकती असते. तेल आत येताना ती वाकते आणि इंजिन बंद झालं की परत भोकांवर चिकटून बसते. हीच आपली झडप. फिल्टरमधलं तेल पंपामार्गे उलटं संपमध्ये ओघळू न देणं, एवढंच तिचं काम. बायपास व्हॉल्व्ह ही वेगळी चीज आहे. फिल्टर चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट झालं, तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून तो न गाळलेलं तेल पुढे सोडतो. व्हायवात या दोघांची अदलाबदल करू नका!

मग ही झडप हवी की नको? उत्तर फिल्टर कसा बसवलाय यावर आहे. तांब्या सरळ ठेवला तर पाणी सांडत नाही, त्याला झाकणाची गरज नाही. आडवा केला तर बरंचसं सांडतं आणि उपडा केला तर सगळंच. फिल्टरचंही तेच. काही इंजिनांवर त्याचं तोंड वर आणि बूड खाली असतं. तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने आहे, झडप नसली तरी डबा भरलेलाच राहतो. फार तर गॅलऱ्यांमधलं तेल मागे जाण्याला तिचा थोडा अडथळा होतो, तेवढाच फायदा. पण जागेच्या अडचणीमुळे अनेक गाड्यांत फिल्टर आडवा किंवा चक्क उपडा बसवलेला असतो. तिथे रात्रभर गाडी उभी राहिली की झडपेशिवाय तो रिकामा होणार. आणि जिथे डबाच नाही, नुसता कागदी कार्ट्रिज घरात बसतो, तिथे ही झडप घराच्या रचनेतच असू शकते. कार्ट्रिजमध्ये ती दिसली नाही म्हणून ओरडायचं कारण नाही.

रिकामा झाला तर काय बिघडलं? थोडं गणित करू. समजा फिल्टरमध्ये 250 मिलिलिटर तेल मावतं आणि आयडलिंगला पंप मिनिटाला 5 लिटर तेल देतो. म्हणजे नुसता डबा भरायलाच 3 सेकंद गेले. 800 आरपीएमला तेवढ्यात क्रँकशाफ्टच्या 40 फेऱ्या होतात. रोज सकाळी एकदा धरलं तरी वर्षाला 14,600 फेऱ्या, पुरेशा दाबाशिवाय.

यावर 'मार्केटिंग' पार्टीचं म्हणणं असं, की 2,500 आरपीएमला एवढ्या फेऱ्या सहा मिनिटांत होतात, कशाला घाबरायचं? शिवाय बेअरिंगवर आदल्या दिवसाचं तेल चिकटलेलं असतंच. हा मुद्दा बरोबर आहे, आणि तो खोडून काढायची मला घाईही नाही. 1883 मध्ये बोचँप टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्याला तेलासाठी एक भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताना तेल त्यातूनच वर यायला लागलं. बूच मारलं तर तेही बाहेर ढकललं गेलं! म्हणजे शाफ्टला उचलून धरणारा दाब शाफ्टच्या फिरण्यातूनच तयार होतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची थिअरी मांडली. म्हणून एखाद्या सकाळी फिल्टर रिकामा होता म्हणून कुठलं इंजिन जाम होत नाही.

पण फिरायला तेल तर हवं ना! उरलेल्या थेंबांवर पहिल्या काही फेऱ्या निघतात, पुढचं तेल वेळेवर यावंच लागतं. टर्बोचं बेअरिंग, तेलाच्या दाबावर चालणारा टायमिंग चेनचा टेन्शनर, हायड्रॉलिक लिफ्टर, हे सगळे त्या तीन सेकंदांत वाट बघत असतात. सकाळी स्टार्ट केल्याकेल्या जो खडखडाट ऐकू येतो आणि लगेच थांबतो, तो बऱ्याचदा यांचाच. इंजिन एका दिवसात मरत नाही, ते हप्त्याहप्त्याने झिजतं. आणि हा हप्ता भरतो कोण? कर्ज काढून टुरिस्ट गाडी घेतलेला माणूस. त्याला इंजिनचं काम निघणं म्हणजे काही दिवसांची कमाई बुडणं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फिल्टर आडवा किंवा उपडा असेल तर झडप हवीच, आणि ती नुसती असून उपयोग नाही, चांगल्या रबराची हवी. नायट्राइल रबर सततच्या उष्णतेने हळूहळू कडक होतं, मग ते भोकांवर नीट बसत नाही. सिलिकॉन जास्त तापमानातही मऊ राहतं. तेल बदलायचं अंतर लांबवणाऱ्याने हे जरूर बघावं. फिल्टर तोंड वर करून बसत असेल, तर झडपेच्या नावाखाली जास्त पैसे मोजायची गरज नाही. आणि डुप्लिकेट फिल्टर कुठल्याच गाडीला नको, कारण रंग आणि छपाई हुबेहूब करता येते, आतली चकती कशी आहे ते बाहेरून कळत नाही.

इथेच आपल्या कॉलेजचा संबंध येतो. ल्युब्रिकेशन सिस्टिमची 'नीट स्केच' आपण सगळेच काढतो. त्यात फिल्टर म्हणजे एक चौकोन आणि दोन बाण! तो चौकोन कधी उघडून बघितलाय का? सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला माझी विनंती आहे की आयसी इंजिन्सच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल यावर घ्यावं. गॅरेजमध्ये जुने फिल्टर पडलेले असतात. चार आणायचे, हॅकसॉने कापायचे. कागद किती, रबर मऊ की कडक, झडप आहे की नाही, याची नोंद जर्नलमध्ये करायची. न कापलेल्या एखाद्या डब्यात मधल्या भोकातून तेल ओतून तो आडवा धरायचा. छोट्या भोकांतून तेल बाहेर आलं तर झडप गेली. खर्च जवळजवळ शून्य, हात मात्र काळे होतील.

मग पुढच्या सुट्टीत काकांनी फिल्टरचं विचारलं, की ब्रँडचं नाव सांगायच्या आधी बॉनेट उघडायला सांगा आणि आपण स्वतः वाकून बघा, डबा सरळ आहे, आडवा आहे की उपडा. इंजिनिअरचं उत्तर तिथून सुरू होतं.