बाजारात न येणारा मासा

सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बाधित केली. त्यांतील काही विस्थापितांना तळोद्याच्या वनजमिनीवर वसविण्यात आले, तर काही कुटुंबे अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत, पाण्याच्या काठीच राहिली. २०१९ साली जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. शेत गेल्यावर काठच्या माणसाला उरला तो मासा. त्या माशाच्या तपासणीचा प्रश्न म्हणूनच राजकीय आहे.

नव्या जलाशयात बुडालेली माती व झाडोरा कुजू लागतो. मातीतील पाऱ्याचे सूक्ष्म जीवाणूंमुळे मिथिल पाऱ्यात रूपांतर होते. किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून शिकारी माशांत तो साठत जातो. शिजविल्याने तो नाहीसा होत नाही आणि गर्भातील बालकाच्या मज्जासंस्थेला त्याचा सर्वाधिक धोका असतो. कॅनडातील उत्तर क्वेबेकमध्ये ला ग्रांद नदीवर धरणे झाली, तेव्हा मोठ्या माशांतील पारा कित्येक पटींनी वाढला. तेथील क्री आदिवासींनी हा प्रश्न लावून धरला. १९८६ साली सरकार व वीजमंडळ यांना त्यांच्याशी पाऱ्याविषयी स्वतंत्र करार करावा लागला.

नर्मदेचा मासा विषारी आहे, असा याचा अर्थ नव्हे. कुपोषणाने ग्रासलेल्या नंदुरबारात मासा हे मोलाचे अन्न आहे; अफवेने ते हिरावणे हा दुसरा अन्याय ठरेल. म्हणूनच मोजणी हवी. परंतु अन्नसुरक्षेचा कायदा मुख्यतः विक्रीच्या मालाकडे पाहतो. जाळ्यातून थेट चुलीवर जाणारा मासा ना निरीक्षकाला दिसतो, ना अर्थशास्त्राच्या कोष्टकांना. आणि सरासरी ग्राहकासाठी ठरविलेली मर्यादा रोज मासे खाणाऱ्याला पुरेशी नसते.

भारताने २०१८ साली पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला मान्यता दिली आहे. तेव्हा मागणी स्पष्ट असावी : दरवर्षी ठरलेल्या ठिकाणांहून, जातवार व आकारवार मासे तपासावेत, नमुने गोळा करण्यात मच्छीमारांना सहभाग व मोबदला मिळावा, कोणता मासा किती खावा, हे गर्भवतींना पावरी-भिलीत सांगावे, आणि खर्च प्रकल्पाच्या खाती पडावा. ग्रामसभांनी असे ठराव करावेत, यासाठी कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतला पाहिजे. धरणाच्या विजेचे युनिट न युनिट मोजले जाते. धरणाने काठावर ठेवलेल्या माणसाच्या घासाचीही मोजणी झालीच पाहिजे.